व्हर्लिनचं चाक आणि मॅमॉचं बाकडं

व्हर्लिन नेपियरला कुणी "काय, बरंय ना?" असं विचारलं, की तो आधी विचारणाऱ्याच्या गाडीचे टायर बघतो आणि मग उत्तर देतो. टायर चांगले असले तर तो मजेत असतो. नसले तर त्याची तब्येत बिघडते आणि ती पुढचा अर्धा तास आपल्याला ऐकून घ्यावी लागते.

आमच्या हेझल पार्कात हे सगळ्यांना माहीत आहे. रविवारी चर्चच्या आवारात गाड्या लागल्या, की बाकीची मंडळी टोप्या काढून, केस सारखे करून आत जातात. व्हर्लिन बाहेरच रेंगाळतो. साठी उलटलेला, सहा फुटांवर उंच, पोट पुढे आणि पँट खाली, असा हा गृहस्थ एकेका गाडीपाशी गुडघे टेकतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय हा भाविक, आत जाईपर्यंतही धीर नाही. तो टायरवरचे आकडे वाचत असतो. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरची जन्मपत्रिकाच म्हणा. सहा वर्षांपुढचा टायर वरून कितीही गुटगुटीत दिसला तरी त्याच्यावर माणूस बसवायचा नाही, हा व्हर्लिनचा धर्म आहे, आणि चर्चमधल्या धर्मापेक्षा तो हा धर्म अंमळ जास्तच कडक पाळतो.

एका नाताळात पाद्रीबुवा मुलीकडे ओहायोला निघाले होते. व्हर्लिनने त्यांना प्रेमाने मिठी मारली. मिठी सुटल्यावर पाद्रीबुवांच्या लक्षात आलं, की आपल्या खिशात गाडीची किल्ली नाही. व्हर्लिन म्हणाला, "तुमचा परलोकावर विश्वास आहे हे ठाऊक आहे मला. पण सोबत बाईसाहेब बसणार आहेत, त्यांना विचारलंत का?" नवे टायर बसेपर्यंत किल्ली मिळाली नाही. बर्फात गाडी दुकानात नेली त्यानेच, टायर बसवून आणले त्यानेच, आणि वर दुकानदाराने चाकाचे नट कमीजास्त आवळले म्हणून दारात पुन्हा जॅक लावून ते स्वतः आवळले, तेही त्यानेच. पुढच्या रविवारी पाद्रीबुवांनी चोरीच्या पापावर प्रवचन दिलं आणि शेवटी चोराचे आभार मानले. आमच्या गल्लीतल्या एकट्यादुकट्या बायकांच्या गाड्यांना पहिल्या बर्फाआधी कुणीतरी हिवाळी टायर चढवून जातं. कोण चढवतं, ते कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर तो सांगतो, आणि सांगायला लागला की थांबत नाही.

असा हा जगाची चाकं बघणारा माणूस. स्वतःच्या गाडीला कुठलं चाक घालावं, हे मात्र त्याला अकरा वर्षं ठरवता आलं नव्हतं.

गाडी म्हणजे शेवेल, एकोणीसशे सत्तर सालची, गडद हिरवी, दोन दारांची, पुढे सलग बाक आणि नाकाखाली असं इंजिन, की सुरू केल्यावर समोरच्या घरातल्या खिडक्या थरथरून हजेरी लावतात. ती घेतली होती त्याच्या बापाने, आर्लिस नेपियरने. केंटकीच्या डोंगरातून अर्धं हेझल पार्क जसं इथल्या मोटारींच्या कारखान्यांत कामाला आलं, तसाच आर्लिस आला. डोंगरातून आलेली माणसं इथे राहतात, पण मरण आल्यावर परत जातात, निदान पुरायला तरी. त्यामुळे दरवर्षी मेअखेरीस जोडून येणाऱ्या सुट्टीत सगळा गोतावळा गाड्या भरून दक्षिणेला निघतो, आपापल्या खोऱ्यातल्या थडग्यांवरचं गवत काढतो, फुलं ठेवतो, तिथेच चादरी पसरून कोंबडी खातो आणि मेलेल्यांना वर्षाच्या बातम्या देतो. याला ते डेकोरेशन म्हणतात. आपल्याला डेकोरेशन म्हटलं की मंडप आणि लायटिंग आठवतं. हे डेकोरेशन गवत, खुरपं आणि घाम यांचं आहे. आर्लिस जिवंत होता तोवर त्या प्रवासाला शेवेलच जायची. आर्लिस गेला, त्याला खोऱ्यात ठेवलं, आणि गाडी व्हर्लिनकडे आली. त्याने ती गॅरेजमध्ये लोखंडी घोड्यांवर चढवली, जुनी चाकं काढून भिंतीवर टांगली आणि जाहीर केलं, की आता हिला शोभेलशी चाकं घालायची. तिथून अकरा वर्षं.

टायरच्या मापाची भानगड अशी, की ते तीन आकड्यांत सांगतात. पहिला रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, तो रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा आतल्या रिमचा, तो इंचांत. एकाच टायरवर तीन जातींचे आकडे सासरी आल्यासारखे नांदतात. त्यात रिम आत किती बसणार आणि बाहेर किती येणार, हा चौथा हिशेब निराळाच. आत जास्त गेली तर टायर सांगाड्याला घासतो, बाहेर जास्त आली तर मडगार्डला. व्हर्लिनचं स्वप्न साधं होतं. मागचं चाक मडगार्डखाली गच्च भरलेलं दिसलं पाहिजे आणि तरी कुठे टेकता कामा नये. चांगल्या पुरणपोळीत पुरण काठापर्यंत जातं आणि फुटत नाही, तसं काहीसं. आता ज्यांनी पोळ्या लाटल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की हे सांगायला सोपं असतं.

त्यात सल्लागार. शेवेलचं गॅरेज उघडं दिसलं की गल्लीतला प्रत्येक पुरुष हातात कॉफी घेऊन येतो, कमरेवर हात ठेवतो आणि मान वाकडी करून बघतो. न्हाव्याचं म्हणणं सतरा इंची घाल. व्हर्लिनच्या मते सतरा इंची म्हणजे म्हाताऱ्याने नातवाचे बूट घालून लग्नाला जाणं. पलीकडचा शेजारी रोलँड डोम्ब्रोव्स्की हा मूळ पंथाचा. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा चौदा इंची चाकं होती, तेव्हा चौदाच, त्यात बदल करणारा नरकात जाईल, असं त्याचं मत. रोलँडचे आजोबा कोबीवर जगणाऱ्या पोलंडचे, म्हणून व्हर्लिन त्याला कोबीवाला म्हणतो. तो व्हर्लिनला डोंगऱ्या म्हणतो. दोघं तीस वर्षं एकमेकांच्या अंगणातला बर्फ काढतात.

"डोंगऱ्या, चौदा घाल आणि मोकळा हो," रोलँड म्हणायचा.

"चौदाला आता टायर मिळतात ते दूधवाल्याच्या सायकलचे. या इंजिनाखाली ते लावायचे म्हणजे पैलवानाला पैंजण."

"तुझ्या बापाने पैंजणातच चालवली की चाळीस वर्षं."

यावर व्हर्लिन रोलँडच्या गाडीचे टायर बघायला जायचा.

शेवटी त्याचं मन पंधरा इंची रिमवर बसलं आणि मागच्या टायरच्या रुंदीवर अडलं. दोनशे पंचावन्न की दोनशे पंच्याहत्तर? पंचावन्न घातला तर काळजी नाही, पण पुरण काठापर्यंत जात नाही. पंच्याहत्तर काठापर्यंत जातो, पण मडगार्डची आत वळलेली कड अगदी बोटाच्या पेरावर येते. मधला वीस मिलिमीटरचा फरक म्हणजे आपल्या करंगळीची जाडी फारतर. त्या करंगळीवर या माणसाने वर्षं काढली. पुठ्ठ्याची चाकं कापली, रंगवली, गाडीला लावली आणि रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून बघत बसला. मडगार्डवरून ओळंबा सोडला. सगळ्यात कहर म्हणजे बायकोने, ओलीटाने, रविवारच्या पावासारख्या बिस्किटांसाठी मळलेल्या पिठाचे गोळे त्याने मडगार्डच्या आत चिकटवले. कुणाकडून तरी उसनी आणलेली जुनी पंधरा इंची चाकं चढवली आणि गल्लीला चक्कर मारली, की गोळा किती चपटा झाला त्यावरून जागा किती उरली ते कळावं. घरी येऊन बघतो तर गोळेच नाहीत. रोलँडचा कुत्रा गाडी थांबल्या थांबल्या आत मुंडकं घालून चारही गोळे खाऊन गेला होता. त्या रविवारी नेपियरांकडे बिस्किटं झाली नाहीत. ओलीटा म्हणाली, कुत्र्याचं मत तरी विचार, आता जागा किती आहे ते या घरात फक्त त्यालाच माहीत आहे.

ओलीटा हसते, चिडते, पण त्याच्या मापांना वेडेपणा म्हणत नाही. एकदा ती मला म्हणाली होती, की ज्या दिवशी हा माणूस अंदाजपंचे बोलेल त्या दिवशी मी डॉक्टर बोलावीन.

हे असंच आणखी अकरा वर्षं चाललं असतं. पण गेल्या मार्चमध्ये मॅमॉने तोंड उघडलं.

मॅमॉ म्हणजे व्हर्लिनची आई. डोंगरातले लोक आजीला मॅमॉ म्हणतात, आणि व्हेस्टा नेपियर नव्वदीची असल्यामुळे ती आता अख्ख्या गल्लीची मॅमॉ आहे. वजन मांजराइतकं, आवाज भोंग्याइतका. गुडघ्यांमुळे दोन वर्षं तिचं डेकोरेशन चुकलं होतं. उंच गाड्यांत तिला चढता येत नाही, आणि ओलीटाच्या छोट्या गाडीत पाय लांब करता येत नाहीत. त्या दिवशी तिने मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्याच्या रश्शात बुडवला आणि तो तसाच हातात धरून म्हणाली, "या वर्षी मी आर्लिसच्या गाडीतून जाणार. ती बुटकी आहे, बाक रुंद आहे. मला बसता येतं."

व्हर्लिन म्हणाला, "आई, चाकांचं अजून ठरत नाहीये."

"मग दुसरी एक गाडी आहे. काळी, लांब, फुलं घातलेली. तीही बुटकीच असते आणि तिच्यात पाय पूर्ण लांब करता येतात. तिच्या चाकांचं ठरलेलं आहे. तुझं काय ते सांग."

त्या संध्याकाळी व्हर्लिनने पुठ्ठ्याची चाकं कचऱ्यात टाकली.

टाकली खरी, पण मापं सोडली नाहीत. आई गाडीत बसणार म्हटल्यावर त्याने आणखी एक परीक्षा काढली. माणसं बसली की गाडी मागून खाली बसते आणि मडगार्ड टायरवर येतं. म्हणून त्याला मागच्या सीटवर वजन हवं होतं. गल्लीतून त्याने दोघांची निवड केली, रोलँडची आणि माझी. आमचा सन्मान कशावरून झाला ते लगेच कळलं, कारण व्हर्लिनने आम्हाला आधी काट्यावर उभं केलं. मग उसन्या आणलेल्या दोनशे पंच्याहत्तरच्या टायरांवर आम्हाला घेऊन तो रेल्वेच्या रुळांवरून सात-आठ वेळा गेला. प्रत्येक दणक्याला रोलँड म्हणायचा, घासलं, आणि व्हर्लिन म्हणायचा, तो तुझा मणका. खाली उतरून बघितलं तर मडगार्डखालचा पिठाचा गोळा थोडा दबलेला, पण शाबूत. या वेळी कुत्रा बांधून ठेवला होता.

व्हर्लिनने दोनशे पंच्याहत्तरची चाकं मागवली. ती आली, चढली आणि गाडी घोड्यांवरून खाली उतरली तेव्हा संध्याकाळचं ऊन मागच्या चाकावर पडलं होतं. टायर मडगार्डखाली असा भरून बसला होता, की बघणाऱ्याचं पोट भरावं. न्हावी आला, सतरा इंचांचं नाव न काढता कॉफी पिऊन गेला. रोलँडने बराच वेळ चौदा इंचांचं दुःख चेहऱ्यावर धरून ठेवलं आणि मग म्हणाला, की चुकीचं आहे पण सुंदर आहे. व्हर्लिन अंगणात पाय फाकून उभा होता. एखाद्या माणसाला आपलं स्वप्न आपल्याच मापाने बसलेलं बघायला मिळालं की होतो, तसा तो चेहरा होता. चेष्टा करायचं माझ्या मनात होतं, पण जमलं नाही.

निघायचा शुक्रवार उजाडला. सकाळी गल्ली निरोपाला जमली. मॅमॉ पुढच्या बाकावर गादीवर गादी ठेवून राणीसारखी बसली. मागच्या सीटवर ओलीटा, आणि तिच्याभोवती कॉफीच्या डब्यांत लावलेली जिरेनियमची रोपं, खोऱ्यातल्या प्रत्येक थडग्यासाठी एकेक, मॅमॉने हिवाळाभर खिडकीत वाढवलेली. मग डिकी उघडायची वेळ आली.

आता या डिकीबद्दल सांगायला हवं. अकरा वर्षांत व्हर्लिनने तिच्यात रुमालसुद्धा ठेवला नव्हता. आतली मूळची चौकटींची चटई जशीच्या तशी होती. ती डिकी त्याच्या दृष्टीने ठेवायची जागा नव्हती, बघायची होती. अतिरिक्त चाकही त्याने काढून कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. तिच्यात आता आलं ते चाक, ढकलायचं गवत कापायचं यंत्र, दोन खुरपी, मातीच्या पिशव्या, बटाट्याचं सॅलड आणि तळलेली कोंबडी भरलेली बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या. व्हर्लिनच्या कपाळावर घाम आला, पण तो चटईसाठी. तेवढ्यात मॅमॉने काचेतून मान बाहेर काढली आणि रोलँडला म्हणाली, "आण."

रोलँड मान खाली घालून आपल्या गॅरेजात गेला आणि हातगाडी ओढत आला. हातगाडीवर सिमेंटचं बाकडं होतं. दोन जाडजूड पाय वेगळे, वरची फळी वेगळी, फळीवर द्राक्षांची वेल काढलेली. मॅमॉने ते गुपचूप मागवून त्याच्याकडे उतरवून घेतलं होतं.

"आई, हे काय?"

"बाकडं. आर्लिसशेजारी ठेवायचं. उभ्याउभ्या किती बोलू त्याच्याशी? गुडघे दुखतात आणि विषय संपत नाहीत."

त्या फळीला आम्ही चौघं लागलो. ती डिकीत उतरली तशी शेवेल मागून खाली बसली, म्हातारी गाय बसते तशी, हळू आणि कायमची. व्हर्लिनने डिकी लावली. तो गाडीत बसला, इंजिन सुरू झालं, खिडक्यांनी हजेरी लावली, आणि गाडी अंगणाच्या उतारावरून रस्त्यावर यायला लागली. उतार संपतो तिथल्या खाचेत मागचं चाक गेलं, आणि असा आवाज झाला, की कुणीतरी भलंमोठं कापड फाडतंय. खर्रर्र. मग रबराचा वास.

व्हर्लिनने इंजिन बंद केलं. खाली उतरला. मागच्या चाकापाशी गुडघे टेकले, चर्चबाहेर टेकतो तसेच. मडगार्डची कड टायरवर बसली होती. पुरण फुटलं होतं.

मला त्याची कीव आली, कारण चूक कुठे झाली ते आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. त्याने सीटवर माणसं बसवून मोजली, रुळांवरून मोजली, पीठ लावून मोजली. आणि डेकोरेशनला निघालेली केंटकीची गाडी कधीही रिकाम्या डिकीने जात नाही, ही गोष्ट आयुष्यभर त्या गाडीत मागे बसून गेलेला माणूस विसरला.

मग गल्लीची सभा भरली. रोलँड म्हणाला, बाकडं माझ्या व्हॅनमध्ये टाक, मी मागोमाग येतो. व्हर्लिनला ते पटत होतं. मॅमॉला नाही. "आर्लिसने ही गाडी घेताना मला एकच विचारलं होतं, डिकी पुरेल का. इंजिनाबद्दल मला अवाक्षर विचारलं नाही. त्याच्या घरी त्याच्या वस्तू शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवू? लोक विचारतील, शेवेल काय आजारी आहे? रोलँड, तू चांगला मुलगा आहेस, पण गप्प बस."

रोलँड गप्प बसला नाही. त्याला अचानक आपला दिवस आल्यासारखं वाटलं. भिंतीकडे बोट करून तो म्हणाला, "डोंगऱ्या, चौदाची चाकं तिथे लटकतायत. अरुंद आहेत, घासायचा प्रश्नच नाही. चढव आणि जा."

सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे गेल्या. अर्ध्या तासाचं काम होतं. व्हर्लिन भिंतीपाशी गेला, एक चाक अर्धं फिरवलं आणि त्याच्या अंगावरचे आकडे बघितले, जणू ते त्याला पाठ नव्हते.

"बारा वर्षांचे झालेत," तो म्हणाला.

"दिसतात तर धडधाकट."

"पाद्रीबुवांचेही दिसत होते. कोबीवाल्या, माझी आई बसलीय आत."

एवढंच तो म्हणाला. जोडून आलेल्या सुट्टीचा शुक्रवार, त्या मापाचे नवे टायर गावात कुणाकडे मिळणार नव्हते, हे त्यालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी चूक कबूल करून जुनी चाकं चढवणं सोपं होतं आणि कुणी काही म्हटलं नसतं. सहा तासांचा रस्ता कदाचित निघूनही गेला असता. पण जो नियम तो अख्ख्या गावाला लावायचा, तो स्वतःची इज्जत वाचवायला त्याने मोडला नाही. तो अंगणात परत आला. हिरव्या मडगार्डवरून एकदा हात फिरवला. या रंगाला अकरा वर्षं कुणाचा कोट लागू दिला नव्हता त्याने. बापाच्या हातचं मेण असलेला तो मूळ रंग, कारखान्यातून आला तसा, म्हणून सांगताना त्याचा आवाज चर्चमधल्यासारखा व्हायचा.

"ओलीटा," तो म्हणाला, "तुझी बॅट कुठे आहे?"

ओलीटा कारखान्यातल्या बायकांच्या संघात सॉफ्टबॉल खेळायची. तिची लाकडी बॅट स्वयंपाकघराच्या दारामागे असते. ती कशाला हवी, हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बॅट अडकवायची, गाडी हळूहळू पुढेमागे करायची, टायर बॅटला फिरवतो आणि बॅट कडेला आत-वर दाबत नेते. इथल्या गॅरेजांत ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आपल्या लाडक्या गाडीवर ती करायची पाळी आली की माणसं तोंड फिरवतात. रंग तडकतो. रोलँडने टोपी काढली.

ओलीटाने बॅट आणून त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "मी चालवू?"

"तू चालव. मी सांगेन तसं, केसभर."

मॅमॉला कुणी उतरवलं नाही, कारण वजन आतच हवं होतं. ती पुढच्या बाकावरून सूचना देत राहिली. व्हर्लिन जमिनीवर कोपर टेकून बॅट धरून बसला. गाडी केसभर पुढे, केसभर मागे. पत्र्यातून कुरकुर आवाज येत होता. दातांच्या डॉक्टरकडे शेजारच्या खोलीतून येतो तसा. डावी बाजू निर्वेध वळली. उजव्या बाजूला मधोमध टचकन आवाज झाला आणि हिरव्या रंगाची नखाएवढी खपली उडून सिमेंटवर पडली.

व्हर्लिनने खपली उचलली. तळहातावर धरून बघितली, उलटी करून बघितली. मग मडगार्डवरच्या जखमेकडे बघितलं. तिथे उघडा पत्रा नव्हता. तिथे आणखी एक हिरवा रंग होता, जरा फिका, आणि त्याच्यावर आडवे ओरखडे होते, जुने, काळे पडलेले.

"आई," तो म्हणाला, "हे काय आहे?"

मॅमॉने मान वळवली. "तिथेच घासली होती ती. पहिल्याच डेकोरेशनला, नवी कोरी असताना. तुझ्या आजीसाठी शिवणयंत्र नेलं होतं डिकीतून, आणि तुम्ही चौघं मागे कोंबलेले. ओढ्याकाठच्या खडकाला टेकली. तुझे बाबा तिथे बसून रडले जवळजवळ. मग घरी आल्यावर गॅरेजचं दार लावून ब्रशने रंग दिला. म्हणाले, पोरांना सांगू नकोस, मोठे झाले की तेही घासतील."

व्हर्लिन जमिनीवरच बसून राहिला. आधी त्याचे खांदे हलले. आम्हाला वाटलं, आता हा रडणार. पण आवाज आला तो हसण्याचा, पोटातून, थांबतच नव्हता. "अकरा वर्षं," तो रोलँडला म्हणाला, "अकरा वर्षं मी बाबांच्या ठिगळाला मेण लावतोय." रोलँडने टोपी परत घातली आणि त्याला हात देऊन उठवलं. खपली व्हर्लिनने शर्टाच्या खिशात टाकली.

गाडी मागे घेतली आणि पुन्हा उतारावरून खाली आणली. मागचं चाक त्याच खाचेत गेलं. आम्ही सगळे कान देऊन उभे होतो. काही नाही. फक्त इंजिन आणि मॅमॉ, दोन्हीही मोठ्यांदा.

पुढचं ओलीटाकडून कळलं. व्हर्लिनने सबंध रस्ताभर खिडकी उघडी ठेवली, घासल्याचा आवाज येतोय का ऐकायला, त्यामुळे मागे बसलेल्या ओलीटाच्या केसांत जिरेनियमची पानं गेली. ओढ्यापाशी तो खाली उतरला आणि त्या खडकाला आधी पायाने चाचपून बघितलं, मग गाडी त्याच्या शेजारून नेली. बाकडं आर्लिसच्या डोक्याशी बसवलं. त्याने ते ओळंबा लावून बसवलं, आणि मॅमॉ म्हणाली की माणूस कबरीतून उठून बघायला येणार नाही, पण तरी तिने दोनदा कुठल्या बाजूला कलतंय ते सांगितलं. मग बाकी सगळे गवत काढत असताना ती एकटीच तिथे बसली. बराच वेळ बोलत होती. ओलीटाला जवळून जाताना तेवढं एकच वाक्य ऐकू आलं, की आर्लिस, पोराने बॅटने वाकवली, तुझ्यापेक्षा नीट केली.

परतताना खोऱ्यातल्या नातेवाइकांनी डिकी रिकामी राहू दिली नाही. घेवड्याच्या बरण्या, बटाट्याची गोणी, खारवलेली डुकराची मांडी. गाडी जाताना होती त्याहून खाली बसली. घासली नाही. व्हर्लिनने त्या ठिगळाला पुन्हा रंग लावला नाही. ऑगस्टमध्ये वुडवर्डच्या रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला येणारे हौशी लोक त्या नखाएवढ्या जागेवर बोट ठेवतात आणि हळहळतात, की एवढी सुंदर गाडी, एवढी चाकं जमून आलेली, तिथे तेवढं बिघडलं. तो म्हणतो, तिथेच जमून आलंय. लोकांना वाटतं, म्हातारा भ्रमला.

चर्चबाहेर मात्र फरक पडला आहे. तो अजूनही गुडघे टेकतो, आकडे वाचतो. परवा पाद्रीबुवांनी नवी गाडी घेतली आणि कौतुकाने त्यालाच विचारलं, की मागे जरा रुंद टायर घालीन म्हणतो, कुठलं माप बसेल? आम्हाला वाटलं, आता तासाची निश्चिंती. व्हर्लिन चाकाकडे गेलाच नाही. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आधी डिकी उघडा. आणि सासूबाई कुठे बसतात ते सांगा."